अँड्रॉइड फोनला ओटीजी केबलने वजनकाटा, आर्डुइनो, मीटर कसं जोडायचं आणि आपल्या अ‍ॅपमध्ये डेटा कसा घ्यायचा

दूध संकलन केंद्रावरचा इलेक्ट्रॉनिक काटा मागून बघितलात तर बऱ्याचदा नऊ पिनांचं एक पोर्ट, म्हणजे सीरियल पोर्ट, दिसतं. वजन तिथूनच बाहेर येतं, आणि आत्तापर्यंत ते कॉम्प्युटरला नाहीतर छोट्या प्रिंटरला जायचं. आता लोकांना तोच आकडा थेट मोबाईलमध्ये हवाय, कारण लाईट गेली की कॉम्प्युटर बंद आणि फोन मात्र चालूच असतो, शिवाय हाताने आकडा टाकला की कधी साडेबाराचे साडेपंधरा होतात आणि मग भांडणं. हे काम अँड्रॉइडवर नक्की होतं, रूट न करता होतं, आणि एकदा जमलं की त्याच पद्धतीने आर्डुइनो, ईएसपी३२ (हे दोन्ही छोटे मायक्रोकंट्रोलर बोर्ड), जीपीएस मॉड्यूल, एनर्जी मीटर असं काहीही जोडता येतं. तुम्हाला कोटलिन किंवा जावामध्ये साधं अ‍ॅप बनवता येतं पण वायरीशी कधी संबंध आला नाही असं धरून लिहितोय.

माझा एकच आग्रह आहे, आणि पूर्ण लेखभर तो पुन्हा पुन्हा येईल. एका वेळी एकच थर तपासा. आधी फोन आणि ओटीजी (फोनला यूएसबी वस्तू जोडायची सोय), मग कन्व्हर्टर, मग काटा, आणि सगळ्यात शेवटी आपला कोड. नवीन लोक चारही एकदम जोडतात, स्क्रीनवर काहीच येत नाही, आणि मग दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसतात जेव्हा चूक वायरीत असते.

अ‍ॅपला नक्की काय मिळतं आणि काय नाही

फोनच्या आत यूएआरटी (म्हणजेच सीरियल), आय-टू-सी, एसपीआय अशा चिपांनी एकमेकींशी बोलायच्या लाईनी सगळ्या असतात. टचस्क्रीन आणि सेन्सर तसल्याच लाईनींवर बसलेले असतात. पण त्या लाईनी बोर्डवरच संपतात, बाहेर येत नाहीत, आणि अँड्रॉइड साध्या अ‍ॅपला तिथे हात लावू देत नाही. लिनक्सवर काम केलेले लोक लगेच डेव्ह फोल्डरमधली टीटीवाय-यूएसबी-झिरो ही सीरियल पोर्टची फाईल उघडायला जातात. फोनवर एकतर ती फाईलच नसते कारण त्या कर्नलमध्ये तो ड्रायव्हर घेतलेला नसतो, आणि असली तरी एसई-लिनक्सचे नियम आडवे येतात. रूट केलं की उघडते, पण मग ते अ‍ॅप फक्त तुमच्याच फोनवर चालणार, केंद्रावरच्या माणसाच्या फोनवर नाही, त्यामुळे तो रस्ता विसरा. गूगलने अँड्रॉइड थिंग्ज म्हणून एक वेगळी सिस्टीम काढली होती, त्यात अ‍ॅपमधून थेट जीपीआयओ (चालू-बंद करायच्या साध्या पिना), आय-टू-सी, एसपीआय मिळायचं, २०१८ ला पहिली आवृत्ती आली आणि २०२२ पर्यंत सगळं गुंडाळलं. इंटरनेटवर त्याचे जुने धडे अजून सापडतात, ते बघून गोंधळू नका, ते साध्या फोनसाठी नव्हतेच.

मग उरतं काय तर यूएसबी होस्ट. अँड्रॉइड ३.१ पासून, म्हणजे २०११ पासून, फोन स्वतः होस्ट, म्हणजे कॉम्प्युटरसारखा जोडणीचा मालक, होऊ शकतो आणि अ‍ॅपला जोडलेल्या यूएसबी डिव्हाइसशी थेट बोलता येतं. फक्त लक्षात ठेवायचं ते असं की अ‍ॅपला सीरियल पोर्ट मिळत नाही, यूएसबी डिव्हाइस मिळतं. त्या डिव्हाइसच्या पलीकडे सीरियल आहे ते आपल्या अ‍ॅपमधल्या ड्रायव्हरने बघायचं. हा फरक डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं जातं.

सामान

ओटीजी अडॅप्टर, टाइप-सी किंवा जुन्या फोनला मायक्रो. यूएसबी-टू-सीरियल कन्व्हर्टर, आणि इथे जरा थांबा कारण हे दोन प्रकारचे असतात आणि चुकीचा घेतला तर काहीतरी जळतं.

पहिला प्रकार म्हणजे छोटं उघडं मॉड्यूल, त्याला टीएक्स (पाठवणारी), आरएक्स (घेणारी), ग्राउंड अशा पिना. हे टीटीएल लेव्हलचं, ३.३ किंवा ५ व्होल्ट, आर्डुइनो ईएसपी वगैरेसाठी. दुसरा प्रकार म्हणजे केबलच्या टोकाला नऊ पिनांचा कनेक्टर. हे आरएस-२३२, काटा आणि दुधाचं फॅट मोजायच्या बऱ्याच मशिनी यासाठी. आरएस-२३२ मध्ये व्होल्टेज उणे आणि अधिक दोन्ही बाजूंना जातं, ३ पासून १५ व्होल्टपर्यंत, आणि लॉजिक उलटं असतं, म्हणजे १ साठी उणे व्होल्टेज. ते टीटीएल मॉड्यूलच्या आरएक्स पिनला लावलंत तर चिप जाऊ शकते, आणि नशीब चांगलं असून नाही गेली तरी डेटा कचराच येणार. टीटीएलमध्येही ईएसपी३२ च्या पिनांना ५ व्होल्ट चालत नाही, त्यामुळे मॉड्यूलवर ३.३ चा जंपर असेल तर तो आधी लावा.

आतली चिप साधारण चारपैकी एक असते, सीएच३४०, सीपी२१०२, एफटी२३२ नाहीतर पीएल२३०३. कुठलीही चालेल. सीएच३४० स्वस्त मिळते आणि या कामाला पुरते. चिपचं नाव माहीत असणं मात्र गरजेचं आहे, नसेल कळत तर पुढे आकड्यावरून ओळखू.

शिवाय दोन-चार जंपर वायरी घ्या. आणि दिवसभर फोन जोडून ठेवायचा असेल तर चार्जिंगवाला ओटीजी हब घ्या, कारण होस्ट झालेला फोन समोरच्या डिव्हाइसला स्वतःच्या बॅटरीतून करंट देतो. घेण्याआधी दुकानात तुमच्याच फोनला लावून बघा, एकाच वेळी चार्जिंग आणि ओटीजी दोन्ही चालतंय का, कारण सगळे हब सगळ्या फोनवर चालत नाहीत.

पहिला थर, फोन आणि ओटीजी

अडॅप्टरला साधा यूएसबी माऊस लावा. स्क्रीनवर बाण दिसला की फोन होस्ट होतोय, विषय संपला. नाही दिसला तर सेटिंगमध्ये ओटीजी शोधा, काही कंपन्यांच्या फोनमध्ये ते बटण मुद्दाम चालू करावं लागतं आणि थोडा वेळ काही जोडलं नाही की आपोआप बंदही होतं. केंद्रावर सकाळी सगळं चालत होतं आणि संध्याकाळी फोन काहीच ओळखत नाही, अशी तक्रार आली की आधी हे बटण बघायचं.

टाइप-सी बाबत एक खोच आहे. काही स्वस्त बोर्डांवर टाइप-सी सॉकेट असतं पण त्यावरचे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर टाकलेले नसतात. त्या रेझिस्टरवरूनच फोनला कळतं की समोर डिव्हाइस आहे आणि पॉवर द्यायचीय. ते नसले की सी-टू-सी केबलने बोर्ड मेल्यासारखा पडून राहतो, आणि तोच बोर्ड जुन्या मोठ्या यूएसबीच्या केबलने ओटीजी अडॅप्टरमधून लावला की चालू होतो, कारण तो रेझिस्टर अडॅप्टरमध्ये असतो. बोर्ड खराब म्हणून परत करायच्या आधी हे करून बघा. आणि केबल डेटावाली आहे ना तेही बघा, फक्त चार्जिंगच्या केबली घरोघरी पडलेल्या असतात.

दुसरा थर, कन्व्हर्टर, आणि अजूनही कोड नाही

प्ले स्टोअरवरून सीरियल यूएसबी टर्मिनल नावाचं अ‍ॅप घ्या. टीटीएल मॉड्यूलच्या टीएक्स आणि आरएक्स या दोन पिना एकाच जंपरने एकमेकींना जोडा. नऊ पिनवाली केबल असेल तर २ आणि ३ नंबरच्या पिना जोडा. फोनला लावा, कनेक्ट करा, काहीतरी टाईप करून पाठवा. जे पाठवलं तेच परत आलं पाहिजे. याला लूपबॅक म्हणतात आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात उपयोगी दोन मिनिटं आहेत, कारण फोन, ओटीजी, चिप, परमिशन सगळं एका झटक्यात तपासून होतं.

इथे इंग्रजी अक्षर पाठवून झालं की एकदा मराठीत नमस्कार पाठवून बघा. आपल्याला सात चिन्हं वाटतात, न, म, स, हलंत, क, काना, र. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे वायरीवरून २१ बाइट जातात. ते परत येताना कधी कधी दोन तुकड्यांत येतात, आणि तुकडा नेमका एखाद्या अक्षराच्या मधोमध पडला की स्क्रीनवर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसू शकतं. बाइट सगळे बरोबर आलेले असतात, फक्त अर्धवट असताना त्यांचं अक्षर केलेलं असतं. हे लक्षात ठेवा, वजन वाचताना हाच प्रश्न परत येणार आहे.

तिसरा थर, काटा

आधी एक महत्त्वाचं. काट्याला वैधमापन खात्याचं सील असतं. सीरियल पोर्ट बाहेर नसेल तर सील फोडून आतून वायर काढायची नाही, म्हणजे नाहीच. त्यासाठी काटा विकणाऱ्या, दुरुस्तीचं लायसन असलेल्या माणसालाच बोलवा.

पोर्ट बाहेर असेल तर तीनच वायरी लागतात, डेटा जाणारी, डेटा येणारी आणि ग्राउंड. कन्व्हर्टरच्या बाजूला २ नंबर घेतो, ३ नंबर पाठवतो, ५ नंबर ग्राउंड. काट्याची पाठवणारी पिन आपल्या २ ला यायला पाहिजे. काही काट्यांत ती २ वर असते, काहींत ३ वर, म्हणून साध्या केबलने काही येत नसेल तर क्रॉस केबल म्हणजे नल मोडेम लावून बघा. ग्राउंड विसरू नका.

आता बॉड रेट, म्हणजे सेकंदाला किती बिट जातात तो वेग. काट्याच्या पुस्तकात असतो, नाहीतर काट्याच्या मेनूमध्ये. पुस्तक हरवलेलं असतं हे गृहीत धरून टर्मिनल अ‍ॅपमध्ये ९६०० पासून सुरू करा, मग ४८००, २४००, १२००. डेटा आठ बिट, पॅरिटी (चूक पकडायला जोडलेला जादा बिट) नाही, स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) एक, हे बहुतेक वेळा चालतं. बॉड रेट चुकला की सगळाच कचरा दिसतो. पण कधी कधी अर्धं बरोबर अर्धं चूक असं विचित्र दिसतं आणि इथे एक फार छान खूण आहे जी कुठे लिहिलेली सहसा सापडत नाही. जर ०, ३, ५, ६, ९ हे आकडे नीट येतायत आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी भलतंच काहीतरी येतंय, तर बॉड रेट बरोबर आहे, फक्त काटा सात बिट आणि इव्हन पॅरिटीने पाठवतोय. कारण साधं आहे. या पाच आकड्यांच्या कोडमध्ये एक-वाले बिट आधीच सम आहेत त्यामुळे पॅरिटी बिट शून्य येतो आणि आठ बिट म्हणून वाचलं तरी फरक पडत नाही. बाकीच्या पाचांत ते विषम आहेत, पॅरिटी बिट एक होतो, आणि आपण तो डेटाचाच आठवा बिट समजून वाचतो. सेटिंग सात बिट इव्हन करा, सगळं सरळ होतं.

काही काटे सतत पाठवत राहतात, काही प्रिंटचं बटण दाबलं की एकदाच पाठवतात, काहींना आधी एखादं अक्षर पाठवून विचारावं लागतं. टर्मिनलमध्ये हेक्स दाखवायची सोय चालू करून ओळीच्या शेवटी काय येतंय ते लिहून घ्या, बहुतेक वेळा १३ आणि १० हे दोन बाइट असतात. एक पूर्ण ओळ जशीच्या तशी वहीत उतरवून ठेवा, कोड त्या ओळीवरूनच लिहायचा आहे.

आता कोड

मॅनिफेस्टमध्ये यूएसबी होस्ट हे फीचर लागतं असं लिहायचं. इंटरनेटसारखी वेगळी परमिशनची ओळ इथे नसते, परमिशन प्रत्येक डिव्हाइससाठी चालू असताना वापरणाऱ्याकडून घ्यावी लागते. ती दोन प्रकारे मिळते.

सोपा प्रकार म्हणजे डिव्हाइस फिल्टर. रिसोर्समध्ये एक्सएमएल फाईल करून त्यात आपल्या चिपचा व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी टाकायचा आणि मॅनिफेस्टमध्ये डिव्हाइस जोडल्याच्या इंटेंटला ती फाईल बांधायची. केबल लावली की अँड्रॉइड स्वतःच विचारतं की हे अ‍ॅप उघडू का, हो म्हटलं की परमिशनही मिळाली, आणि नेहमीसाठी वर टिक केली की परत विचारत नाही. केंद्रावरच्या वापराला हेच बरं. आकडे दशमान लिहायचे. डेटाशीटमध्ये ते हेक्समध्ये असतात त्यामुळे इथे हमखास चूक होते. सीएच३४० साठी व्हेंडर ६७९०, प्रॉडक्ट २९९८७. सीपी२१०२ साठी ४२९२ आणि ६००००. एफटी२३२ साठी १०२७ आणि २४५७७. ओरिजिनल आर्डुइनो कंपनीचा व्हेंडर ९०२५. चिप ओळखू येत नसेल तर अ‍ॅपमध्ये यूएसबी मॅनेजरकडून डिव्हाइस लिस्ट घेऊन हे दोन आकडे छापून बघा, लगेच कळतं.

दुसरा प्रकार म्हणजे कोडमधून रिक्वेस्ट परमिशन करणं. यात एक पेंडिंग इंटेंट द्यावा लागतो आणि नवीन अँड्रॉइडवर इथेच सगळे अडकतात. अँड्रॉइड १२ पासून पेंडिंग इंटेंट बदलता येणारा आहे की न बदलता येणारा हे सांगावंच लागतं, आणि अँड्रॉइड स्टुडिओ सुरक्षित म्हणून न बदलता येणारा सुचवतो. तो टाकला की अ‍ॅप क्रॅश होत नाही, डायलॉग दिसतो, माणूस ओके दाबतो, आणि तरी तुमच्या रिसीव्हरला उत्तर येतं की परमिशन नाकारली. कारण उत्तर त्या इंटेंटमध्ये सिस्टीमला भरायचं असतं आणि तुम्ही ते बदलायलाच बंदी केलीय. म्हणून इथे म्यूटेबलच टाकायचा. मग अँड्रॉइड १४ टार्गेट केलं की म्यूटेबल इंटेंट कोणासाठी आहे तेही स्पष्ट लागतं, नाहीतर थेट एक्सेप्शन, त्यामुळे इंटेंटला आपल्याच पॅकेजचं नाव लावा, आणि रिसीव्हर रजिस्टर करताना तो बाहेरच्यांसाठी खुला आहे की नाही तो फ्लॅगही द्या. जुने धडे कॉपी केले की यातलं काहीच त्यात नसतं.

परमिशन मिळाली की ओपन डिव्हाइस करायचं. आत काय असतं ते एकदा बघून घ्या. डिव्हाइसमध्ये एक किंवा जास्त इंटरफेस असतात, इंटरफेसमध्ये एंडपॉइंट, म्हणजे डेटा जायच्या-यायच्या वाटा. आपल्याला एक बल्क इन आणि एक बल्क आउट लागतो. इंटरफेस क्लेम करायचा, आउटवर बाइट लिहायचे, इनवरून वाचायचे. आणि बॉड रेट वगैरे सेट करायला कंट्रोल ट्रान्सफर, म्हणजे सेटिंगच्या आज्ञा पाठवायची वेगळी वाट. प्रमाणित सीडीसी (यूएसबीवरून सीरियल बोलायची ठरलेली पद्धत) डिव्हाइसला, म्हणजे ओरिजिनल आर्डुइनो ऊनोसारख्याला, सात बाइटचा एक तुकडा पाठवतात. ९६०० साठी तो असा, १२८, ३७, ०, ०, ०, ०, ८. पहिले चार बाइट म्हणजे बॉड रेट, लहान भाग आधी, ३७ गुणिले २५६ अधिक १२८ केलं की ९६०० येतात. पुढचा स्टॉप बिटचा, मग पॅरिटीचा, शेवटचा ८ म्हणजे आठ डेटा बिट. बघा, जादू काहीच नाही.

पण सीएच३४०, सीपी२१०२, एफटी२३२ यांची प्रत्येकाची बोली वेगळी. एफटी२३२ तर वाचताना प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला दोन बाइट स्वतःच्या स्टेटसचे घालतो, ६४ च्या पॅकेटमध्ये आपला डेटा ६२ च, ते काढून टाकायचे हे माहीत नसेल तर प्रत्येक वजनाच्या पुढे कचरा येणार. हे सगळं स्वतः लिहीत बसू नका. यूएसबी-सीरियल-फॉर-अँड्रॉइड नावाची ओपन सोर्स लायब्ररी आहे, जिटपॅकवरून ग्रेडलमध्ये एका ओळीत येते, या चारही चिपांचे आणि सीडीसीचे ड्रायव्हर त्यात आहेत. प्रोबरला सांगायचं ड्रायव्हर शोध, पहिला ड्रायव्हर घ्यायचा, त्याच्या डिव्हाइसचं कनेक्शन उघडायचं, पहिला पोर्ट ओपन करायचा, सेट पॅरामीटर्समध्ये बॉड, डेटा बिट, स्टॉप बिट, पॅरिटी द्यायचं. एवढंच. आकडे तेच जे टर्मिनल अ‍ॅपमध्ये चालले होते.

पोर्ट उघडल्यावर डीटीआर नावाची एक लाईन असते, आपण तयार आहोत हे समोरच्याला सांगणारी, तिच्याकडे लक्ष द्या. रास्पबेरी पाय पिको किंवा आर्डुइनो लिओनार्डोसारखे बोर्ड स्वतःच यूएसबी बोलतात आणि त्यांच्यावरचा प्रोग्राम बऱ्याचदा डीटीआर चालू होईपर्यंत गप्प बसतो, म्हणजे कोड बरोबर असूनही शून्य डेटा. डीटीआर ट्रू केलं की सुरू. उलट ऊनोवर डीटीआर बदलला की बोर्ड रिसेट होतो, त्यामुळे पोर्ट उघडल्या उघडल्या पाठवलेली कमांड हरवते. तिथे एक-दोन सेकंद थांबा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे बोर्डकडून तयार आहे असा मेसेज आल्यावरच पाठवा.

वाचायचं कसं, इथे खरी मेहनत आहे

मेन थ्रेडवर वाचू नका, अ‍ॅप अडकतं. लायब्ररीत सीरियल इनपुट आउटपुट मॅनेजर आहे तो वेगळ्या थ्रेडवर वाचून डेटा तुम्हाला देतो. तो डेटा दाखवताना मात्र मेन थ्रेडवर आणायचा.

आता मघाचा नमस्कार आठवा. काट्याने १२.४५ किलोची एक ओळ पाठवली तर तुम्हाला एका वेळी पूर्ण ओळ मिळेल याची कसलीच खात्री नाही. पहिल्या खेपेला १२. येईल, दुसऱ्या खेपेला ४५ आणि पुढच्या ओळीचा अर्धा भाग. जो माणूस प्रत्येक खेपेला ओळ समजून आकडा काढतो त्याच्या अ‍ॅपमध्ये कधी १२ किलो, कधी ४५ किलो लागतं आणि शेतकऱ्याचे पैसे चुकतात. म्हणून आलेला प्रत्येक बाइट एका बफरमध्ये मागे जोडत जा, ओळीच्या शेवटचा १० नंबरचा बाइट सापडला की तिथपर्यंतचा भाग कापून घ्या, मगच त्याची स्ट्रिंग करा, उरलेलं बफरमध्ये तसंच राहू द्या. पोर्ट उघडल्यावरची पहिली ओळ फेकून द्या कारण आपण मधूनच ऐकायला सुरुवात केलेली असते. ओळीची लांबी ठरलेली असेल तर ती पण तपासा, जुळली नाही की सोडून द्या, पुढची ओळ येतेच आहे.

आणि स्थिर वजन. कॅन ठेवला की आकडा हलतो. अनेक काटे ओळीत स्थिर आणि अस्थिरसाठी वेगळी अक्षरं पाठवतात, स्थिरला एसटी आणि अस्थिरला यूएस ही सर्रास दिसणारी जोडी. तुमच्या काट्यात असेल तर तीच वापरा, नसेल तर लागोपाठ काही रीडिंग सारखी आली तरच आकडा पक्का करा. दशांश चिन्ह कुठे येतंय, उणे चिन्ह कसं येतंय, ओव्हरलोडला काय पाठवतो हे सगळं काट्यावर प्रत्यक्ष करून बघा.

अ‍ॅपमध्ये आलेले कच्चे बाइट वेळेसकट एका फाईलमध्ये लिहायची सोय पहिल्याच दिवशी करा. पन्नास किलोमीटरवरच्या केंद्रावर काहीतरी चुकलं की ती फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर मागवता येते, त्याशिवाय फोनवरून नुसतं चालत नाही एवढंच ऐकू येतं.

डीबग कसं करणार, पोर्ट तर काट्याने अडवलं

हा प्रश्न सगळ्यांना पडतो. अँड्रॉइड ११ पासून डेव्हलपर ऑप्शनमध्ये वायरलेस डीबगिंग आहे, फोनवर दिसणारा पेअरिंग कोड टाकून वायफायवरून जोडायचं. जुन्या फोनवर एकदा केबलने जोडून एडीबीला टीसीपीआयपी ५५५५ ची कमांड द्यायची आणि मग केबल काढून आयपीवर कनेक्ट. लॅपटॉप आणि फोन एकाच नेटवर्कवर पाहिजेत, वायफाय नसेल तर फोनचा हॉटस्पॉट लावला तरी बहुतेक वेळा जमतं.

केबल मध्येच ओढली जाणार हे धरूनच कोड लिहा. निघाली की वाचणारा थ्रेड एक्सेप्शन देतो आणि डिटॅचचा ब्रॉडकास्ट येतो, दोन्हीकडे पोर्ट नीट बंद करा आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरात काटा जोडलेला नाही असं दाखवा. जुनं वजन स्क्रीनवर राहू देऊ नका, कोणीतरी तेच नोंदवेल. स्क्रीन आडवी झाली की अ‍ॅक्टिव्हिटी परत बनते, म्हणून पोर्ट अ‍ॅक्टिव्हिटीत न ठेवता सर्व्हिसमध्ये ठेवा. अ‍ॅप मागे गेल्यावरही वाचत राहायचं असेल तर फोरग्राउंड सर्व्हिस लागते, आणि अँड्रॉइड १४ टार्गेट केलं की तिचा प्रकार कनेक्टेड डिव्हाइस असा मॅनिफेस्टमध्ये सांगावा लागतो.

मीटर, सेन्सर वगैरे

एनर्जी मीटर, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र), मातीतल्या ओलाव्याचे सेन्सर यात बऱ्याचदा आरएस-४८५ ही दोन वायरींची सीरियल लाईन आणि त्यावर मॉडबस आरटीयू ही प्रश्न-उत्तराची भाषा असते. त्याचे यूएसबी कन्व्हर्टर मिळतात आणि आत चिप सहसा हीच, त्यामुळे कोड तोच. फरक एवढाच की आपण विचारल्याशिवाय मीटर बोलत नाही, आणि इथे ओळीच्या शेवटी काही खूण नसते. पुस्तकात लिहिलेलं असतं की साडेतीन अक्षरांएवढी शांतता म्हणजे मेसेज संपला, ९६०० ला ती साधारण ४ मिलिसेकंद होते. फोनवर यूएसबीच्या मधल्या थांबण्यामुळे एवढी बारीक वेळ मोजता येत नाही, तो नाद सोडा. बाइट मोजा. दोन रजिस्टर (मीटरमधल्या आकड्यांच्या जागा) मागितली तर उत्तर ९ बाइटचं, पत्ता १, फंक्शन १, किती बाइट ते १, डेटा ४, सीआरसी (चूक तपासायचा आकडा) २. नऊ झाले की सीआरसी तपासा, जुळला तर घ्या. ठराविक वेळात नऊ आले नाहीत तर बफर रिकामा करून परत विचारा.

आय-टू-सी किंवा एसपीआयचा सेन्सर असेल तर मध्ये आर्डुइनो किंवा ईएसपी३२ ठेवा, तो सेन्सर वाचेल आणि साध्या ओळीत सीरियलवर पाठवेल. एमसीपी२२२१ सारख्या यूएसबी-टू-आय-टू-सी चिपाही असतात, पण नवीन माणसाने आधी मायक्रोकंट्रोलरवालं करावं, त्रास कमी.

आयफोन

आयफोनवर हे असं होत नाही. तिथे साध्या अ‍ॅपला कुठल्याही यूएसबी डिव्हाइसशी मनासारखं बोलता येत नाही, वायरीच्या अ‍ॅक्सेसरीसाठी अ‍ॅपलच्या एमएफआय या परवान्याच्या कार्यक्रमातून जावं लागतं, आणि एचसी-०५ सारखं जुनं ब्लूटूथ मॉड्यूलही चालत नाही. बीएलई (कमी बॅटरी खाणारं नवं ब्लूटूथ) मात्र सगळ्या अ‍ॅपना खुलं आहे. त्यामुळे दोन्ही प्रकारचे फोन असतील तर काट्याच्या पोर्टला मॅक्स३२३२ चिपचं मॉड्यूल लावा, ते व्होल्टेज ३.३ ला उतरवतं, त्याच्यापुढे ईएसपी३२, आणि तिथून वजन बीएलईवर. बफर, ओळ कापणं, स्थिर वजन ओळखणं हे सगळं मग ईएसपी३२ मध्येच करा, म्हणजे दोन्ही अ‍ॅपना तयार आकडा मिळतो. आणि बीएलईमध्ये सुरुवातीला एका पॅकेटमध्ये फक्त २० बाइट जातात हे धरून तो आकडा छोटा ठेवा, आख्खी ओळ पाठवू नका.